कात्रजचे प्राणिसंग्रहालय : पिरंगुटहून एका दिवसाची आखणी

राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पुण्याच्या दक्षिण टोकाला, सातारा रस्त्यालगत कात्रजला आहे. पुणे महानगरपालिका ते चालवते. सुमारे १३० एकरांच्या या आवारातला ४२ एकरांचा भाग एकट्या तलावाने व्यापलेला आहे. उरलेल्या जागेत प्राण्यांचे खुले कक्ष, सर्पोद्यान, जखमी व अनाथ वन्यप्राण्यांचे केंद्र आणि दाट झाडीतून जाणारे रस्ते आहेत. पिरंगुट, भूगाव, भुकूम किंवा घोटावडे फाट्याच्या परिसरातून निघणाऱ्या कुटुंबाला हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास पडते. त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते.

संग्रहालय पाहून आलेल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते : वाघ झोपलेला होता, अस्वल दिसलेच नाही, मुले कंटाळली. बहुतेक वेळा याचे कारण वेळेची निवड असते. माणसे आपल्या सोयीने बारा-एकला पोहोचतात आणि नेमके तेव्हाच बरेचसे सस्तन प्राणी सावलीत पडून असतात. कोणता प्राणी केव्हा हालचाल करतो हे लक्षात घेऊन दिवस आखला, तर तेच संग्रहालय दुप्पट दाखवते.

उद्यानाची घडण

पुण्यातले आधीचे प्राणिसंग्रहालय पर्वतीच्या पायथ्याशी, सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात होते. महापालिकेने ते १९५३ मध्ये सुरू केले. पुण्याच्या कित्येक पिढ्यांनी वाघ-सिंह पहिल्यांदा तिथेच पाहिले. मात्र जागा सात एकरांची, पिंजरे लहान आणि भोवती गजबजलेले शहर अशी तिथली अवस्था होती. कात्रजला १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले. त्याच्या भोवतीच्या विस्तीर्ण जागेत १९९९ मध्ये नवे प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले. देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांनुसार पेशवे पार्कातले प्राणीही टप्प्याटप्प्याने इकडे हलवले गेले. २००५ पर्यंत हे स्थलांतर पूर्ण झाले.

जागा वाढली तशी मांडणीही बदलली. इथले अनेक मोठे प्राणी गजांच्या पिंजऱ्यात नसून खंदकाने वेगळ्या केलेल्या मोकळ्या कक्षांत असतात. कक्षात झाडे, झुडपे, दगड आणि पाण्याचे हौद असतात. त्यामुळे प्राण्याला आडोसा मिळतो आणि पाहणाऱ्याला थोडा धीर धरावा लागतो. कक्ष रिकामा वाटला तरी लगेच पुढे जाऊ नये. झाडाची बुंध्यालगतची सावली, हौदाचा काठ आणि खडकामागची बाजू अशा तीन जागा सावकाश न्याहाळल्या की बहुधा प्राणी सापडतो.

केव्हा जावे

संग्रहालय दर बुधवारी बंद असते. साप्ताहिक सुटीचा हा दिवस साफसफाई, डागडुजी आणि प्राण्यांच्या तपासणीसाठी लागतो. शिवाय सहा दिवस गर्दीसमोर वावरणाऱ्या प्राण्यांना त्या दिवशी उसंत मिळते. अनेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवण्याची पद्धत आहे. जंगलात शिकार रोज साधत नाही, त्याच्याशी ही पद्धत जुळते.

इतर दिवशी दरवाजा साधारण साडेनऊला उघडतो आणि संध्याकाळी बंद होतो. तिकीट खिडकी त्याआधीच बंद होत असल्याने दुपारी उशिरा पोहोचणे परवडत नाही. वेळा आणि दर बदलत राहतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. कधी संग्रहालय अचानकही बंद ठेवावे लागते. मार्च २०२४ मध्ये एक बिबट्या पिंजऱ्यातून बाहेर पडून आवारातच दडून बसला होता. तो सापडेपर्यंत पर्यटकांना प्रवेश बंद होता.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. हवा थंड असल्याने सस्तन प्राणी उशिरापर्यंत हिंडतात आणि चालणाऱ्यालाही दमछाक होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अकरानंतर फारसे काही दिसत नाही. तेव्हा गेलेच तर दार उघडताच आत शिरावे. पावसाळ्यात झाडी हिरवीगार असते आणि गर्दी कमी असते, पण छत्रीपेक्षा रेनकोट आणि पकड असलेली पादत्राणे उपयोगी पडतात. सकाळी पिरंगुटला पाऊस कोसळत असला म्हणून बेत रद्द करण्याची घाई करू नये. मुळशी सह्याद्रीच्या माथ्याला जवळ आहे, तर कात्रज पूर्वेकडे असल्याने तिथे पाऊस बराच कमी असतो.

रविवार, दिवाळीची सुटी आणि मे महिना हे सर्वाधिक गर्दीचे दिवस. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांची साप्ताहिक सुटी आठवड्याच्या मधल्या वारी येत असेल, तर तिचा इथे चांगला उपयोग होतो. फक्त तो वार बुधवार नसावा.

कसे जावे

खासगी वाहनाने पिरंगुटचा घाट ओलांडून भुकूम, भूगावमार्गे चांदणी चौक गाठावा. भूगावच्या अरुंद रस्त्यावर शाळा आणि कारखान्यांच्या वेळेला कोंडी होते. आठच्या आत तो टप्पा ओलांडणे चांगले. चांदणी चौकातली नवी रचना ऑगस्ट २०२३ मध्ये खुली झाली आणि तिथली जुनी कोंडी बरीच सुटली. मात्र उतार-चढाचे रस्ते अनेक असल्याने साताऱ्याकडे जाणाऱ्या मार्गाच्या पाट्या आधीपासून पाहत राहाव्यात.

तिथून मुंबई-बंगळूर महामार्गाने वारजे, वडगाव करत नवले पूल येतो. महामार्ग पुढे नव्या कात्रज बोगद्याकडे जातो. संग्रहालयाला जाणाऱ्याने नवले पुलापाशीच तो सोडून आंबेगाव, दत्तनगरवरून कात्रज चौकात यावे. हे वळण चुकले तर बोगद्यापलीकडे जाऊन परत फिरावे लागते. कात्रज चौकातून स्वारगेटच्या दिशेला वळले की भारती विद्यापीठाच्या परिसरात संग्रहालयाचे प्रवेशद्वार आहे. परतताना नवले पुलाजवळ जास्त सावध राहावे. बोगद्याकडून येणारा महामार्ग तिथे तीव्र उताराचा आहे, अवजड वाहने वेगात उतरतात आणि या पट्ट्यात वारंवार मोठे अपघात झाले आहेत.

बसने जाणाऱ्याला एकदा तरी गाडी बदलावी लागते. पौड रस्त्याने पुण्याकडे जाणारी पीएमपीची बस चांदणी चौकापर्यंत आणते. तिथून हिंजवडी किंवा निगडीकडून महामार्गाने कात्रजला जाणाऱ्या बस मिळतात. दुसरा पर्याय म्हणजे सरळ शहरात जाऊन स्वारगेट गाठणे. स्वारगेट ते कात्रज हा पीएमपीचा वर्दळीचा मार्ग असल्याने गाडीसाठी फार थांबावे लागत नाही. लहान मुले बरोबर असतील तर स्वारगेटचा मार्ग लांबचा असूनही सोपा पडतो, कारण महामार्गाच्या कडेला बसची वाट पाहणे टळते.

आत गेल्यावरचा क्रम

पूर्ण फेरीला रमतगमत तीन-चार तास लागतात. प्रवेशद्वाराजवळच्या नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. चालणे जड जाणाऱ्यांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. रविवारी त्यांच्यासाठी रांग लागते, म्हणून आल्याआल्याच त्यांचे तिकीट काढणे सोयीचे. गाडी ठरावीक ठिकाणीच थांबते. ज्येष्ठांनी गाडीने आणि मुलांनी पायी, अशी विभागणी करून एखाद्या कक्षापाशी भेटायचे ठरवले तर दोघांचीही सोय होते.

सकाळचा पहिला तास वाघ, सिंह, बिबट्या आणि अस्वल यांच्यासाठी राखून ठेवावा. हे प्राणी पहाटे व संध्याकाळी अधिक हिंडतात. रात्रीच्या खोलीतून खुल्या कक्षात सोडल्यावर ते काही वेळ हद्दीभोवती चकरा मारतात, झाडांना हुंगतात, नखांनी ओरबाडतात. एकदा ऊन चढले की वाघ पाण्यात किंवा सावलीत बसतो आणि मग तासन्‌तास हलत नाही.

वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात. व्याघ्रगणनेत कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रांतून वाघ ओळखतात ते याच आधारे. पांढरा वाघ दिसला तर ती वेगळी जात नव्हे, हे मुलांना जरूर सांगावे. दोन्ही पालकांकडून एक विशिष्ट सुप्त जनुक आले, तरच असा रंग येतो. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’ या वाघाकडे आज प्राणिसंग्रहालयांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा वंश जातो. त्यामुळे त्यांच्यात जवळच्या नात्यातल्या संकरातून येणारे दोषही आढळतात. सिंहाचे पोट पाहावे. आशियाई सिंहाच्या पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबते आणि नराची आयाळ आफ्रिकी सिंहापेक्षा विरळ असल्याने त्याचे कान उघडे दिसतात. आज ही जात मोकळ्या रानात फक्त गुजरातमध्ये, गीर आणि त्याच्या आसपास उरली आहे.

त्यानंतर हरणे आणि गवा. इथे मुलांना एक फरक दाखवता येतो. चितळ, सांबर आणि भेकर यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळतात व नवी येतात. वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. काळवीट, नीलगाय आणि चौशिंगा यांची शिंगे मात्र गळत नाहीत. ती गाईगुरांच्या शिंगांसारखी आतून पोकळ असून जन्मभर टिकतात. चौशिंग्याच्या नराला शिंगांच्या दोन जोड्या असतात आणि असे दुसरे रानटी जनावर जगात नाही. सांबर, भेकर हे मुळशी-ताम्हिणीच्या जंगलातले रहिवासी असले तरी तिथे ते सहसा दिसत नाहीत. इथे जवळून पाहिले की पुढे रानात पायाचा ठसा किंवा भेकराचे भुंकणे ओळखणे सोपे जाते.

गव्यापाशी थोडे अधिक थांबावे. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटी परिसरात एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी, आरडाओरडा आणि काही तासांची धावपळ यांत तो दमला, जखमी झाला आणि अखेर मेला. त्यानंतर दोनच आठवड्यांत बावधनजवळ दुसरा गवा आला. तेव्हा लोकांना लांब ठेवण्यात आले आणि तो सुखरूप जंगलाकडे परतला. पौड रस्त्यालगत राहणाऱ्यांसाठी ही दोन्ही ठिकाणे ओळखीची आहेत. एवढ्या ताकदीच्या जनावराचा जीव गर्दीमुळे जाऊ शकतो, हे गवा समोर उभा असताना मुलांना चटकन समजते.

भरदुपारी सर्पोद्यान

बारा ते दोन ही वेळ सर्पोद्यानाला द्यावी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. म्हणून सस्तन प्राणी सुस्तावतात तेव्हा, विशेषतः हिवाळ्यात, मगर आणि अजगर उन्हात पाहायला मिळतात. जबडा उघडा टाकून पडलेली मगर कोणावर चाल करायच्या बेतात नसते. शरीरातली जादा उष्णता ती अशी बाहेर टाकते.

भातशेती, गोठे आणि डोंगरउतार असलेल्या मुळशी तालुक्यातल्या माणसाला सर्पोद्यान सर्वांत जास्त उपयोगाचे आहे. महाराष्ट्रात माणसांचे बळी घेणारे प्रमुख विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप गैरसमजामुळे मारले जातात, तर कधी विषारी साप बिनविषारी समजून हाताळले जातात. पुढच्या जोड्या काचेपलीकडून शांतपणे ताडून पाहाव्यात.

मण्यार आणि कवड्या : मण्यारीच्या काळ्या-निळसर अंगावरचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, डोक्याजवळ ते पुसट किंवा गायब आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात.

घोणस आणि डुरक्या घोणस : घोणशीचे डोके त्रिकोणी, मान बारीक आणि पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डिवचल्यावर ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. डुरक्या घोणशीचे ठिपके वेडेवाकडे, शेपटी आखूड आणि बोथट असते.

नाग आणि धामण : फणा काढलेला नसला की दोघांत गल्लत होते. धामण अधिक लांब, चपळ आणि मोठ्या डोळ्यांची असते. उंदीर फस्त करणारी धामण भातखाचराजवळ असणे शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे.

ही ओळख साप हातात धरण्यासाठी नाही. रानात साप दिसला तर सुरक्षित अंतर राखणे आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाला कळवणे एवढेच करावे. दंश झालाच तर दंशाची जागा कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. अवयव हलू न देता रुग्णाला तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही आणि तो बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्यांना होतो. त्यामुळे खूण बारीक दिसली म्हणून सकाळची वाट पाहणे जिवावर बेतते. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस या चारही सापांच्या विषावर चालते, म्हणून साप पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नसते.

तलाव

शेवटचा तास तलावाकाठी घालवावा. कलत्या उन्हात पाणपक्ष्यांची वर्दळ वाढते. पाणकावळे पंख पसरून वाळवतात, वंचक काठाच्या गवतात स्तब्ध उभा असतो, रातबगळे झाडांवरून उठू लागतात. दुर्बीण असली तर तिचा खरा उपयोग इथे होतो.

कात्रजच्या पाण्याचे पुण्याशी जुने नाते आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत इथे तलाव बांधून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने पाणी पुण्यात आणले गेले. कात्रज शहरापेक्षा उंचावर असल्याने पंपाविना, निव्वळ उताराने पाणी वाहत असे. वाटेत हवेचा दाब मोकळा होण्यासाठी ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. शनिवारवाडा आणि पेठांमधले सार्वजनिक हौद या पाण्यावर भरत. त्यांतले काही उच्छ्वास आणि हौद आजही शहरात दिसतात.

पाळायचे नियम

प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे आणि आवारात कचरा टाकणे हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार गुन्हे आहेत. नियमामागची कारणे कळली तर तो पाळणे सोपे जाते. चितळ-सांबर हे रवंथ करणारे प्राणी आहेत. वेफर किंवा बिस्किटाने त्यांचे पोट बिघडते आणि मिठाचा वास लागलेली प्लास्टिकची पिशवी गिळली गेली तर ती पोटात अडकून राहते. कक्षाच्या काचेवर टकटक केल्याने सापाला जमिनीतून व पृष्ठभागातून हादरे जाणवतात आणि तो बुजतो. खंदकाच्या कठड्यावर मुलाला उभे करून फोटो काढण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. वाघाच्या कक्षात माणूस पडून जीव गेल्याची घटना २०१४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात घडली आहे.

गुरे पाळणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुलै २०२५ मध्ये या संग्रहालयात डझनाहून अधिक चितळांचा काही दिवसांत मृत्यू झाला आणि तपासणीत लाळ्या-खुरकत रोगाचे निदान झाले. गाई-म्हशींना होणारा हा रोग खूर दुभंगलेल्या सर्व प्राण्यांना होऊ शकतो आणि त्याचे विषाणू चपला, कपडे, चाके यांच्याबरोबर दूरवर जातात. घरच्या किंवा शेजारच्या गोठ्यात रोगाची लक्षणे असतील तर सहल पुढे ढकलावी. एरवीही गोठ्यातली पादत्राणे घालून येऊ नये आणि घरी परतल्यावर चपला धुऊनच गोठ्यात शिरावे.

बरोबर न्यायच्या वस्तू मोजक्याच असाव्यात : पुन्हा भरता येणारी पाण्याची बाटली, टोपी, पायांत बंदिस्त बूट, आवश्यक औषधे. जेवण आत जाण्यापूर्वी किंवा बाहेर आल्यावर उरकणे सोयीचे. आत खायचेच असेल तर नेमून दिलेल्या जागीच. भडक कपड्यांपेक्षा साधे रंग आणि मोठ्याने हाका मारण्यापेक्षा शांतता यांमुळे प्राणी जवळ येण्याची शक्यता वाढते. लहान मुलांच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि चुकामूक झाल्यास कोणत्या ठिकाणी थांबायचे ते आत शिरतानाच ठरवावे.

अनाथालय आणि मुळशीतले जखमी प्राणी

संग्रहालयाशी जोडलेले वन्यप्राणी अनाथालय पर्यटकांसाठी नसते. विहिरीत पडलेले, वाहनाने धडकलेले किंवा आईपासून दुरावलेले प्राणी अशा केंद्रांत उपचारासाठी येतात. माणसांचा वावर कमी असेल तरच ते पुन्हा रानात सोडण्याजोगे राहतात.

मुळशी परिसरात एखादा जखमी किंवा एकटा वन्यप्राणी आढळला, तर तो उचलून संग्रहालयात नेऊ नये आणि घरीही ठेवू नये. परवानगीशिवाय वन्यप्राणी बाळगणे बेकायदा आहे. भाताच्या किंवा उसाच्या शेतात सापडलेले बिबट्याचे, रानमांजराचे पिल्लू अनेकदा अनाथ नसते, त्याची आई अंधार पडल्यावर परत येते. अशा वेळी लोकांना लांब ठेवावे, कुत्री बांधावीत आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. जागेची खूण, प्राण्याची अवस्था आणि तो कधी दिसला, एवढी माहिती दिली की पथकाला नेमके ठिकाण सापडते.